अडीच सुताचा बोल्ट

जुन्या जीपचा चेंबरखालचा पत्रा बदलायला घेतला की पत्रा चटकन उतरतो. अडतात ते बोल्ट. एखाद्याची मुंडी तुटते, एखाद्याचे आटे जातात, आणि गंजाला नाहीतर मिस्त्रीच्या घाईला बोल लावून मालक मोकळा होतो. बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात तरी हे निदान अपुरे वाटते. तिथल्या गाड्यांच्या पोटाखाली तीन देशांची मापे एकत्र नांदत आली आहेत, आणि बोल्टचे दुखणे बरेचसे त्या संसारातले आहे.

हैदराबादच्या निजामाच्या रेल्वेने 1932 मध्ये 27 गाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. त्या बस होत्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या, म्हणजे आटे ब्रिटिश वळणाचे. त्या वळणाचा मूळपुरुष व्हिटवर्थ, त्याची मापे 1841ची. 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, आणि तिच्याबरोबर आले अमेरिकी आटे. इंच तोच, पण आट्यांचा कोन वेगळा. 1956 मध्ये हैदराबाद राज्य फुटून बिदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) म्हैसूरकडे गेले. त्याच वर्षी दशमान मापांचा कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू झाला. कागदावर इंच संपला. चासीवर मात्र तो राहिला, कारण जीपचा सांगाडा विलीजचाच होता. पुढे 1979 मध्ये महिंद्रांनी प्यूजोशी डिझेल इंजिनाचा करार केला, आणि इंची चासीवर मिलिमीटरी फ्रेंच इंजिन बसले. गॅरेजच्या तोंडी माप होते तिसरेच: सूत. आठ सुतांचा एक इंच. आठ मिलिमीटर आणि 5/16 इंच, दोन्ही बोल्ट 'अडीच सुती'च. जाडीत फरक जेमतेम सहा शतांश मिलिमीटरचा, म्हणून हाताला कळत नाही. आट्यांचे अंतर मात्र जुळत नाही: नट एक-दोन फेरे गोडीत जातो, मग घट्ट होतो. 'बसला' असे वाटून पान्याला जोर दिला की आटे गेलेच. वर 5/16च्या मुंडीला हवा अर्ध्या इंचाचा पाना, म्हणजे 12.7 मिलिमीटर, पेटीत असतो बारा-तेराचा. तेरा सैल बसतो आणि मुंडीचे कोपरे गोल करतो.

कोणी म्हणेल, हे सारे मातीचे काम आहे. बिदरच्या पठारावरचा जांभा-मुरूम धुऊन जातो, पण खाली उतरले की काळी माती पत्र्याच्या आत थापून बसते आणि ओल धरून ठेवते. खरे आहे. शिवाय 29 ऑक्टोबर 2017 ला बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू होईपर्यंत या दोन शहरांमध्ये थेट लोहमार्ग नव्हता. भार रस्त्यावरच होता. पण माती सगळ्याच बोल्टांना सारखी लागते. आट्यांत नीट बसलेला बोल्ट तेल घालून, थोडा पुढे-मागे हलवून बहुधा निघतो. चुकीच्या जोडीचा निघताना भोकाचे आटेही घेऊन येतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: सूत हेच अडाणीपणाचे लक्षण. मला ते पटत नाही. निजामाच्या हाली शिक्क्याचे सात रुपये म्हणजे इंग्रजांच्या कलदारचे सहा, हा हिशेब या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या बाजारात तोंडी केला. दोन मापे एकदम सांभाळणे इथे व्यवहारच होता. बोली मापात जाडी आहे, आटा नाही, एवढीच त्याची उणीव. म्हणून जाणता मिस्त्री जुन्या चासीवर नवा बोल्ट आधी हातानेच फिरवतो, आणि तिसऱ्या फेऱ्याला अडला तर पाना खाली ठेवून डब्यातला दुसरा अडीच सुती शोधू लागतो.