केरिसची मूठ

केरिस (क्रिस) या दुधारी खंजिराची मूठ. केरिस जावा, मादुरा, बाली, सुलावेसी, सुमात्रा व मलाया येथे प्रचलित आहे. त्याचे पाते सरळ किंवा नागमोडी असते. मुठी बहुधा लाकडी. हस्तिदंती, शिंगाच्या व धातूच्याही आढळतात.

रचना : पात्याच्या बुडाशी बारीक शेपटी (पेसी) असते. तिच्यावर कापड किंवा केस गुंडाळून ती मुठीच्या भोकात दाबून बसवितात. खिळा मारीत नाहीत. मूठ व पाते यांच्यामध्ये धातूचे कडे (मेंडाक) असते. मूठ सहज निघत असल्याने जुन्या पात्यावर नंतरची मूठ असणे नेहमीचेच आहे.

लाकूड : कुंतीचे (केमुनिंग) लाकूड पिवळसर, घट्ट व बारीक पोताचे असल्याने नाजूक कोरीवकामाला चालते. तिमोहो या झाडाच्या फिकट लाकडावर काळसर डाग (पेलेट) असतात. काही डाग शुभ मानले जातात.

जावा : योग्याकार्ता व सुराकार्ता दरबारांची मूठ सडपातळ, पुढे झुकलेली व जवळजवळ सपाट असते. नक्षी फक्त आतल्या बाजूस, दोन लहान जागी (पात्रा) कोरतात. या घाटाला बसलेल्या मानवाकृतीचे संक्षिप्त रूप मानतात. इस्लामच्या प्रसारामुळे मूर्ती टळली, असे काही अभ्यासक म्हणतात. तथापि चिरेबोन या मुस्लिम सल्तनतीच्या मुलखात राक्षसाकृती मुठी मिळतात. जावातील मुठींवर मानवी व राक्षसी चेहरे कोरीत, असे पंधराव्या शतकातील चिनी प्रवासी मा हुआन याने नोंदविले आहे; मात्र तो सोने, गेंड्याचे शिंग व हस्तिदंत यांचाच उल्लेख करतो, लाकडाचा नाही.

मादुरा : दाट पानाफुलांची नक्षी, पंखांचा घोडा व युरोपीय धाटणीचा मुकुट हे विशेष.

बाली : देव व राक्षस यांच्या पूर्णाकृती मुठी; साध्या, पैलूदार मुठीही प्रचलित.

सुलावेसी : बुगिस लोकांची मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी वाकलेली.

युनेस्कोने 2005 मध्ये इंडोनेशियन केरिसला मौखिक व अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून घोषित केले व 2008 मध्ये त्याचा समावेश प्रातिनिधिक यादीत झाला. पाते, मूठ व म्यान अनेकदा वेगवेगळ्या काळांतील असल्याने पात्यावरून मुठीचा काळ ठरविणे ग्राह्य नाही. संग्रहात तिन्हींची स्वतंत्र नोंद ठेवणे हीच योग्य पद्धत होय.