टेबल-काठिण्य (व्यावसायिक पूल)

टेबल-काठिण्य : पूलच्या टेबलाने खेळाडूची किती चूक पदरात घ्यायची, याचे माप. टेबलाची लांबी, पॉकेटाचे तोंड, त्याच्या जबड्यांचा कोन, तोंडापासून आतल्या खड्ड्यापर्यंतचा सपाट कट्टा, कापडाचा वेग आणि हवेतला दमटपणा या सगळ्यांतून ते ठरते. व्यावसायिक स्पर्धांचे आयोजक हे काठिण्य मुद्दाम कमीजास्त करतात. चर्चा रंगते ती पॉकेटांवर. निकालाला वळण देतात ते बऱ्याचदा ब्रेकचे, म्हणजे रचलेले चेंडू फोडणाऱ्या पहिल्या फटक्याचे, नियम आणि सामन्याची लांबी. प्रस्तुत नोंद मुख्यतः नाइन-बॉल या प्रकाराविषयी आहे.

मापे : जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार ९ फुटी टेबलावर खेळाची प्रत्यक्ष जागा १०० × ५० इंच असते. चेंडूचा व्यास २.२५ इंच (५७.१५ मिमी.). कोपऱ्यातील पॉकेटाचे तोंड ४.५ ते ४.६२५ इंच आणि मधल्या पॉकेटाचे ५ ते ५.१२५ इंच. म्हणजे नियमातल्या सर्वांत अरुंद कोपऱ्यात दोन चेंडू शेजारीशेजारी जेमतेम मावतात. मधले पॉकेट रुंद असूनही बेभरवशाचे, कारण ते समोरून येणाऱ्या चेंडूलाच पुरते उघडे असते. तिरप्या वाटेने येणाऱ्याला त्याचे तोंड झपाट्याने आवळत जाते.

मॅचरूम या ब्रिटिश संस्थेने २०२०नंतरच्या वर्षांत आपल्या मोठ्या स्पर्धांमध्ये कोपऱ्याचे पॉकेट ४ इंचांवर आणले. ढोबळ हिशेब असा : ४.५ इंचांच्या तोंडातून जाताना चेंडूचा मध्यबिंदू २.२५ इंचांच्या पट्ट्यात कुठेही असला तरी चालते. ४ इंचांत हा पट्टा १.७५ इंच उरतो. म्हणजे सूट सुमारे २२ टक्क्यांनी घटली. प्रत्यक्षातला फटका याहून मोठा असतो. फळीला चिकटून जाणारा चेंडू सैल टेबलावर जबड्याला घासूनही आत पडतो. आवळलेल्या टेबलावर तोच चेंडू जरा जोरात मारला, की दोन्ही जबड्यांत खडखडतो आणि प्रतिस्पर्ध्यासाठी तोंडाशी येऊन थांबतो.

केवळ तोंड मोजणाऱ्याची मात्र फसगत होते. नियमाने कोपऱ्यातील जबड्यांचा कोन १४२ अंश आणि मधल्या पॉकेटाचा १०४ अंश ठरवलेला आहे. कोपऱ्यातील कट्ट्याला १ ते २.२५ इंच इतकी मोकळीक आहे. कट्टा जितका खोल, तितका जबड्याला लागलेला चेंडू आत पडण्याआधी बाहेर फेकला जाण्याचा धोका जास्त. त्यामुळे तोंडाचे माप तेच असलेली दोन टेबले खेळायला वेगळी असू शकतात. जुनी सैल टेबले घट्ट करण्यासाठी कारागीर जबड्यावरच्या रबरामागे पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, बसवतात.

तुलनेसाठी रशियन पिरॅमिडकडे पाहावे. तिथे चेंडू ६८ मिमी.चा आणि कोपऱ्याचे पॉकेट ७२ ते ७३ मिमी.चे, चार-पाच मिलिमीटरच्या फटीतून चेंडू घालायचा असतो. त्यापुढे पूलमधील ४ इंचांची कुरकूर जरा लाडावलेलीच वाटते. चीनमध्ये लोकप्रिय असलेल्या हेबॉलमध्ये पूलचेच चेंडू असतात, पण पॉकेटांचे जबडे स्नूकरसारखे गोलाकार असतात.

लांबीचा परिणाम सरळ नाही. अमेरिकेतील बारमध्ये दिसणाऱ्या, नाणे टाकून खेळायच्या ७ फुटी टेबलावर फटके आखूड होतात. पण तेवढेच चेंडू कमी जागेत दाटल्याने झुपके फोडण्याचे काम वाढते. दुसऱ्या टोकाला डर्बी सिटी क्लासिक या स्पर्धा-महोत्सवात आवळलेल्या पॉकेटांच्या १० फुटी टेबलावर टेन-बॉलची वेगळी स्पर्धा घेतली गेली.

निर्देशांक : कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील यांत्रिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक डेव्हिड अल्सियाटोर (पूलच्या जगात ‘डॉ. डेव्ह’) यांनी टेबलाचा आकार, पॉकेटाचे तोंड, जबड्यांचा कोन आणि कट्ट्याची खोली या चार मोजमापांना गुणक देऊन त्यांचा गुणाकार काढण्याची पद्धत मांडली. सर्वसाधारण ९ फुटी टेबलाचा अंक १ धरायचा. त्याहून कमी अंक म्हणजे टेबल सोपे, जास्त म्हणजे कठीण. मोजपट्टी घेऊन कोणत्याही क्लबात पाच-दहा मिनिटांत हा अंक काढता येतो, हे या पद्धतीचे मोठे बळ. कापड आणि हवामान तिच्या हिशेबात नाहीत.

कापड व हवा : स्पर्धांमध्ये बेल्जियमच्या व्हेर्व्हिये शहरातील, १६८०पासून चालत आलेल्या सिमोनिस कंपनीचे लोकरी कापड प्रचलित आहे. नवे कापड गुळगुळीत असल्याने त्यावर चेंडू अधिक वेळ घसरतो आणि फिरकी जास्त टिकते. सरावलेल्या हातालाही पहिल्या दिवशी पांढरा चेंडू अपेक्षेपेक्षा लांब गेलेला दिसतो. दमट हवेत कापड ओल धरते, वेग मंदावतो. चेंडू मळले तर त्यांच्यातले घर्षण वाढून मारलेला चेंडू वाटेवरून किंचित ढकलला जातो.

ब्रेक : नाइन-बॉलमध्ये टेबल कितीही कठीण केले, तरी ब्रेकवर हमखास एक चेंडू पडू लागला की सगळी मेहनत पाण्यात जाते. १ क्रमांकाचा चेंडू ठरलेल्या बिंदूवर ठेवून रॅक, म्हणजे चेंडूंची मांडणी, घट्ट बसवला, की रॅकच्या बाजूचा, ज्याला खेळाडू विंग बॉल म्हणतात तो, कोपऱ्यात जवळपास ठरल्यासारखा जातो. लाकडी त्रिकोणाऐवजी पातळ प्लॅस्टिकचा साचा वापरात आल्यावर प्रत्येक रॅक सारखाच घट्ट बसू लागला आणि ही वाट आणखी पक्की झाली. ब्रेक हा पूर्वी ताकदीचा फटका होता, तो आता नेमकेपणाचा झाला.

कोरी ड्यूएलने २००१च्या यूएस ओपनमध्ये अशा नेमक्या ब्रेकचे टोक दाखवले. जोरात फोडण्याऐवजी त्याने हलक्या हाताने, मोजून-मापून ब्रेक केला. एक चेंडू पॉकेटात आणि उरलेले सोयीच्या जागी, असा तो फटका होता. अंतिम सामन्यात त्याने फिनलंडच्या मिका इम्मोनेनला ११–० असे धुतले. त्यानंतर नियमकर्त्यांची पळापळ सुरू झाली, ती आजतागायत थांबलेली नाही. किमान तीन चेंडू पॉकेटात पडले पाहिजेत किंवा टेबलावरची ठरावीक रेषा ओलांडून आले पाहिजेत, असा एक नियम झाला. ब्रेक घेण्यासाठी चौकट आखली गेली. १ऐवजी ९ क्रमांकाचा चेंडू बिंदूवर ठेवण्याची पद्धत आली, कारण तसे केल्यावर सगळा रॅक थोडा पुढे सरकतो आणि विंग बॉलची वाट बिघडते. काही ठिकाणी जिंकणाराच पुढचा ब्रेक घेतो, काही ठिकाणी आलटून-पालटून. पहिल्या पद्धतीत एक खेळाडू तासभर खुर्चीला खिळून राहू शकतो. टेन-बॉलमध्ये कोणता चेंडू कुठे पाडणार हे आधी सांगावे लागते, त्यामुळे नशिबाचा वाटा घटतो, असे त्याचे समर्थक म्हणतात.

जिंकणाऱ्यानेच ब्रेक घेण्याच्या पद्धतीत काय घडू शकते, याचे हे उदाहरण : १९९६मध्ये डॅलस येथे सलग १० रॅक, म्हणजे डाव, साफ करणाऱ्यास १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. अर्ल स्ट्रिकलंडने सलग ११ साफ केले. बक्षिसाची रक्कम विम्याच्या वादात अडकली.

विक्रम : स्ट्रेट पूल (१४.१) या प्रकारात विली मोस्कोनीने १९ मार्च १९५४ रोजी ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे न चुकता ५२६ चेंडू पाडले. हा आकडा पूलच्या पुस्तकांत श्रद्धेने छापला जातो. टेबल ८ फुटी आणि कोपऱ्याची पॉकेटे ५.२५ इंचांची होती, हे त्या मानाने कमी वेळा. वरच्याच हिशेबाने तिथे चेंडूच्या मध्याला ३ इंचांची सूट मिळते. अर्थात त्याच मोस्कोनीने १९४०च्या दशकात ५ × १० फुटांच्या अजस्र टेबलांवरही जागतिक किताब जिंकले होते, हे विसरून चालत नाही. २०१९मध्ये जॉन श्मिटने कॅलिफोर्नियात ९ फुटी टेबलावर ६२६चा पल्ला गाठला. जानेवारी २०२२मध्ये स्कॉटलंडच्या जेसन शॉने ७१४चा. वेगवेगळ्या टेबलांवरचे हे आकडे एका ओळीत मांडावेत की नाही, याबाबत एकमत नाही.



भारत : स्नूकरचा जन्म १८७५मध्ये जबलपूरला झाला, असे मानले जाते. येथील क्यू-खेळाची परंपरा १२ फुटी टेबलावर पोसली गेली. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८मध्ये बिलियर्ड्‌झचे हौशी विश्वविजेते झाले.

कौशल्याचे मापन : ॲक्यू-स्टॅट्स या संस्थेने पॅट फ्लेमिंगच्या पुढाकाराने १९८०च्या दशकात एक साधे गुणोत्तर रूढ केले : पाडलेले चेंडू भागिले पाडलेले चेंडू अधिक चुका. .९००च्या वरचा खेळ अव्वल समजला जातो. टेबल सैल होते की घट्ट, हे या गुणोत्तराला कळत नाही. एकाच खेळाडूचे दोन स्पर्धांतले आकडे त्यामुळे ताडून पाहता येत नाहीत.

नॉर्थ डकोटातील फार्गो शहराचे नाव धारण करणारी फार्गोरेट ही पद्धत ही अडचण वेगळ्या वाटेने टाळते. ती चेंडू मोजत नाही, कोणी कोणाला किती रॅकनी हरवले एवढेच पाहते. दोघेही एकाच टेबलावर खेळत असल्याने टेबलाचा बराचसा परिणाम आपोआप वजा होतो. दोघांच्या गुणांत १०० चा फरक असेल, तर वरचा खेळाडू खालच्याच्या दुप्पट रॅक जिंकेल, असे तिचे गृहीतक आहे. आघाडीच्या व्यावसायिकांचे गुण ८००च्या पुढे असतात.

पॉकेट आवळल्याने सरस खेळाडूचा फायदा होतो का, यावर खेळाडूंत दोन तट आहेत. एक म्हणतो, सैल टेबलावर सगळेच सारखे दिसतात. दुसरा म्हणतो, घट्ट टेबलावर धाडसी फटका मागे पडतो आणि सेफ्टीचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अडचणीत ठेवणाऱ्या बचावात्मक फटक्यांचा, लपंडाव लांबतो. जागतिक नाइन-बॉल स्पर्धेत मात्र काही विजेते दोन्ही काळांत तेच दिसतात. फिलिपिन्सचा कार्लो बियाडो २०१७मध्ये दोहात जिंकला आणि २०२५मध्ये जेद्दातही. फेडोर गोर्स्ट २०१९मध्ये दोहात आणि २०२४मध्ये जेद्दात. पहिली दोन विजेतेपदे पॉकेटे आवळण्याआधीची, नंतरची दोन त्यानंतरची. पॉकेटांनी खेळाची चाल बदलली, पण काही मानकरी तेच राहिले.

सामन्याची लांबी : निकालावर खरी पकड हिची, आणि आयोजक सर्वांत कमी चर्चा करतात तीही हिचीच. फार्गोच्या गृहीतकानुसार ५० गुणांनी सरस असलेला खेळाडू एकच रॅक जिंकण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के असते. आधी ९ रॅक जिंकण्याची शर्यत असेल तर ती सुमारे ७७ टक्क्यांवर जाते. फरक १०० गुणांचा असेल तर हेच आकडे ६७ आणि ९२. युरोप विरुद्ध अमेरिका असा १९९४पासून चालणारा मोस्कोनी चषक आधी ५ रॅक जिंकण्याच्या छोट्या सामन्यांवर उभा आहे. दूरचित्रवाणीला तो मानवतो. उलटफेरही त्यात सहज होतात. २०२४चा जागतिक अंतिम सामना आधी १५ रॅक जिंकण्याचा होता, आणि गोर्स्टने अल्बेनियाच्या एक्लेंट काचीला १५–१४ असे शेवटच्या रॅकवर हरवले.

लांबलचक शर्यतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९६मधील हाँगकाँगचे. एफ्रेन रेयेस आणि अर्ल स्ट्रिकलंड १ लाख डॉलरसाठी आधी १२० रॅक जिंकण्याच्या बोलीवर तीन दिवस खेळले. रेयेस १२०–११७ असा जिंकला.