नाबोथाचा मळा आणि सावद्याची मोजणी

१८५२ साली सावद्यात दहा ते पंधरा हजार लोक जमले. इंग्रज सरकारने खानदेशात जमिनीची नवी मोजणी काढली होती, तिला या रयतेचा विरोध होता. फौजेची तुकडी आली, म्होरके धरले गेले, तेव्हा कुठे जमाव पांगला. धनी बदलणं या गावाला नवं नव्हतं. १७६३ मध्ये ते निजामाकडून पेशव्यांकडे आलं, मग सरदार रास्त्यांकडे, पुढे इंग्रजांकडे. पण आता शेतन् शेत मोजून, मातीची प्रत ठरवून तीस वर्षांचा धारा बांधला जाणार होता. या जमावामागे मला एक फार जुना प्रश्न दिसतो : राजा जमिनीचा मालक, की त्याच्याही वर कोणी आहे?

या मोजणीचे नियम गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. अमेरिकन मिशनऱ्यांचं संपूर्ण मराठी बायबल मुंबईत छापून निघालं, तेही १८४७ मध्येच. सावद्याची रयत ते वाचून उठली नव्हती, तिला तिची शेतं पुरेशी होती. पण ज्या साहेबांनी मोजणी आणली, त्यांच्याच धर्मग्रंथात हा प्रश्न उघड्यावर मांडलेला आहे.

इज्रेल गावात इस्राएलचा राजा अहाब याच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने याहून चांगला मळा देऊ केला, नाहीतर रोख किंमत. व्यवहार म्हणून पाहिलं तर यात वावगं काहीच नाही. पण वाडवडिलांचं वतन विकायला नाबोथ तयार होईना. राजा जेवण टाकून तोंड फिरवून पडला. मग राणी ईजबेलने राजाच्या नावाने, राजाच्या मोहरेची पत्रं धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, आणि देवाची व राजाची निंदा केल्याच्या आरोपावरून नाबोथाला दगडांनी ठेचून मारलं. सगळं कायद्याच्या रीतीने झालं. राजा मळ्याचा ताबा घ्यायला उतरला, तर देवाच्या वतीने जाब विचारायला एलीया संदेष्टा समोर उभा.

नाबोथाच्या नकारामागे लेवीय पुस्तकातला नियम आहे. जमीन देवाची, माणसं तिच्यावर उपरी, म्हणून ती कायमची विकायची नाही. राजालाही त्यातून सूट नाही. अहाबाच्या कितीतरी आधी, लोक राजा मागायला आले तेव्हा, शमुवेल संदेष्ट्याने त्यांना बजावलं होतं : तो तुमची मुलं लष्करात नेईल, चांगली शेतं आपल्या चाकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल.

पुढे देवाची ही सत्ता परक्या राजांवरही चालू लागते. दानीएलाच्या पुस्तकात बाबेलचा नबुखद्नेस्सर आपल्या वैभवाचा गर्व करतो आणि राज्य परात्पराचं आहे हे उमगेपर्यंत बैलासारखं गवत खातो. बाबेल जिंकणाऱ्या इराणच्या कोरेश राजाला तर यशया देवाचा अभिषिक्त म्हणतो. बाबेलमध्ये १८७९ साली सापडलेल्या मातीच्या दंडगोलावर मात्र कोरेशाला निवडणारा देव मार्दुक आहे. ज्याला त्याला हा विजेता आपल्याच देवाने पाठवलेला वाटत होता.

इथेच धोका होता. सत्ता देवाने नेमलेली आहे, हे प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलं आणि राजांनी ते वाक्य उचललं. इंग्लंडचा पहिला चार्ल्स आपण फक्त देवाला जबाबदार आहोत असं मानत राहिला. १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद करणारेही बायबलच उघडून बसलेले होते. माझ्या मते नाबोथाची गोष्ट वगळून पौलाला वाचणं हा त्या ग्रंथावर अन्याय आहे.

सावद्याच्या जमावानंतर सहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा हिंदुस्थानात वाचला गेला. त्यात राणी देवाच्या कृपेने राज्य करते. वाडवडिलांकडून आलेल्या जमिनीवर इथल्या लोकांचा जीव आहे, त्या भावनेचा आदर राखू, असंही त्यात सांगितलं आहे. सरकारची वाजवी मागणी मात्र आधी पुरी व्हायला हवी. ती वाजवी किती, हे सरकारच ठरवणार होतं.