डिजिटल फलक : अल्पशक्ती प्लेअर

दुकान, उपाहारगृह, रुग्णालय, स्थानक अशा ठिकाणी पडद्यावर चित्रे, चित्रफिती व सूचना अखंड दाखवणारी यंत्रणा म्हणजे डिजिटल फलक. पडद्यामागे बसवलेला, जेमतेम काही वॅट विजेवर चालणारा छोटा संगणक हा तिचा प्लेअर. या कामी रास्पबेरी पाय फार वापरला गेला असल्याने ही नोंद मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये विक्रीस आला, तो मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे म्हणून. किंमत ३५ डॉलर, ७०० मेगाहर्ट्झचा एकच गाभा, २५६ एमबी रॅम. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर तो फुल एचडी चित्रफीत मात्र विनासायास चालवी, कारण ते काम त्याच्या मुख्य प्रोसेसरकडे नव्हतेच. ब्रॉडकॉमच्या त्याच चिपवरचा स्वतंत्र व्हिडिओ विभाग एच.२६४ या स्वरूपातील चित्रफीत डीकोड करीत असे. अशा प्लेअरची गती सुधारण्याचे बहुतेक उपाय यातूनच निघतात : काम त्या विभागाकडे वळवावे, नाहीतर दुसऱ्या दमदार संगणकावर आधीच एकदा उरकून ठेवावे.

चित्रफीत अडखळू लागली की प्लेअर बदलण्याची घाई होते. आधी फाइल तपासावी. पाय ३ चा व्हिडिओ विभाग १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम, ८ बिट एच.२६४ एवढ्यासाठी आहे. संकलकाने १० बिटमध्ये काढलेली फाइल त्याला उचलता येत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि चित्र रखडत चालते. २०१९ च्या पाय ४ मध्ये एच.२६५ ची ४के चित्रफीत सेकंदाला ६० फ्रेमने डीकोड करण्याची सोय आली. २०२३ च्या पाय ५ मध्ये ती राहिली, पण एच.२६४ ची गेली. त्याचा प्रोसेसर हे काम सॉफ्टवेअरने निभावतो, तरी जुनी एच.२६४ फाइल नव्या यंत्रावर प्रोसेसरला अधिक राबवते, हे खरेदी करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. एफएफएमपेग या रूपांतर-साधनाने प्रत्येक फाइल त्या त्या मॉडेलला मानवेल अशी एकदा बदलून घेणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय होय.

फ्रेमच्या गतीचेही तसेच. भारतात पुष्कळ चित्रफिती सेकंदाला २५ फ्रेमच्या असतात आणि पडदा ६० हर्ट्झवर चालतो. मग काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दाखवाव्या लागतात व सरकते दृश्य झटके देते. प्लेअरचा दोष नसताना त्याला बोल लागतो. पडद्याला चालत असेल तर जोडणी ५० हर्ट्झवर ठेवावी. प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा दिसते.

स्थिर चित्रे निरुपद्रवी वाटतात, पण तशी नसतात. ४०००×३००० बिंदूंचे छायाचित्र मेमरी कार्डावर ४-५ एमबीचे असले, तरी उघडल्यावर स्मृतीत सुमारे ४८ एमबी जागा घेते. पडदा १९२०×१०८० चा, त्याला लागतात जेमतेम ८ एमबी. छायाचित्र पडद्याच्या मापाचे करून पाठवले, तर पाचपट चित्रे त्याच जागेत मावतात.

आजकाल बराच आशय क्रोमियम ब्राउझरमध्ये वेबपान म्हणून दाखवतात. रचायला ते सोयीचे, चालवायला जड. ६० हर्ट्झला प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. सरकत्या घटकाची जागा ‘टॉप’ व ‘लेफ्ट’ हे सीएसएस गुणधर्म बदलून हलवली, तर दर फ्रेमला पानाची मांडणी पुन्हा होते. ‘ट्रान्सफॉर्म’ने हलवली, तर तयार झालेला थर ग्राफिक्स विभाग नुसता सरकवतो. धूसर सावल्या व अर्धपारदर्शक थर शक्यतो टाळावेत. पान आठवडेच्या आठवडे उघडे राहिले की स्मृती साचत जाते, म्हणून रोज पहाटे ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा रिवाज आहे. हे काही कौतुकास्पद तंत्र नव्हे, पण उपयोगी पडते.

मराठी सूचनापट्टीची अडचण वेगळी. देवनागरीत अक्षरे नुसती ओळीने मांडून भागत नाही. जोडाक्षरे घडवावी लागतात, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणावी लागते. ब्राउझरला हे जमते. मात्र पायथनच्या पिलो या चित्र-ग्रंथालयाला राक्म या अक्षरजुळणी ग्रंथालयाची जोड नसेल, तर ‘कि’ची वेलांटी ‘क’नंतर पडते. पट्टी आधीच योग्य रीतीने चित्र करून घ्यावी व प्लेअरने ती केवळ सरकवावी. शुद्धता आणि गती दोन्ही साधतात.

तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की पाय आपणहून वेग कमी करतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात, काचेमागे, टीव्हीच्या गरम पाठीला चिकटवलेल्या डबीत ही मर्यादा दूर नसते. उष्णता पसरवणारे धातूचे कवच आणि थोडी मोकळी हवा द्यावी. वीजपुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली घसरला तरी वेग मंदावतो. फोनचा जुना चार्जर किंवा बारीक तारेची केबल हे त्याचे नेहमीचे कारण. व्हीसीजेनसीएमडी या आज्ञेने दोन्ही प्रकारांची नोंद पाहता येते. तक्रार आली की प्रथम तीच चालवावी.

भारनियमनाच्या गावात अचानक वीज जाऊन मेमरी कार्ड बिघडते. प्रणाली केवळ-वाचन पद्धतीने चालवून नोंदी रॅममध्ये ठेवल्या, तर कार्ड टिकते आणि त्यावर सतत लिहिण्यात जाणारा वेळही वाचतो. पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसल्याने वीज परतल्यावर इंटरनेट नसेल, तर वेळ चुकते आणि दुपारच्या थाळीच्या वेळी पडद्यावर सकाळचा नाश्ता झळकतो. पाय ५ मध्ये हे घड्याळ आले. त्याची बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते.