मिटलेल्या दाराआडची साक्ष

न्याय उघड्यावर व्हावा, हें तत्त्व आपणां सर्वांस मान्य आहे. परंतु अमेरिकेच्या फौजदारी न्यायपद्धतींत एक दालन असें आहे कीं, त्याचें दार मिटलेलें असणें हेंच न्यायाचें रक्षण समजलें जातें. तें दालन म्हणजे ग्रँड ज्यूरी. १६ ते २३ नागरिक तेथें सरकारी वकिलाचा पुरावा ऐकतात आणि आरोप ठेवण्यास पुरेसें कारण आहे कीं नाहीं, एवढेंच ठरवितात. मुंबईच्या सुप्रीम कोर्टांतहि पूर्वीं अशी ज्यूरी बसत असे. हिंदुस्थानांतून ती १८६५ सालीं गेली. अमेरिकेंत मात्र १७९१ च्या पांचव्या घटनादुरुस्तीनें तिला कायमचें स्थान दिलें.

या गुप्ततेचें मोल १६८१ सालीं लंडनांत दिसून आलें. दुसऱ्या चार्लसच्या सरकारनें अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी यांजवर राजद्रोहाचा आरोप आणला. साक्षी आपण एकांतांत ऐकूं, असा ज्यूरीचा आग्रह होता. न्यायाधीशांनीं तो न मानतां साक्षी उघडपणें घेतल्या. तरीहि ज्यूरीनें आरोप फेटाळलाच. पुढें ही गुप्तता म्हणजे सत्तेपुढें नागरिकाची ढाल, असें मानलें जाऊं लागलें.

पण हीच ढाल अपराध्याच्या हातीं गेली तर? समजा, मोठ्या कंपन्यांनीं संगनमतानें मालाचे भाव बांधून घेतले. खटला होतो, दंड होतो. तो सरकारी खजिन्यांत जमा होतो. ज्याचा धंदा बुडाला त्यानें भरपाईसाठीं वेगळा दिवाणी दावा लावावयाचा, आणि पुरावा तर त्या मिटलेल्या दालनांतील जबान्यांत पडलेला!

नेमकें असेंच घडलें. अॅरिझोनाच्या न्यायालयांत स्वतंत्र पेट्रोल-विक्रेत्यांनीं १९७३ सालीं तेल-कंपन्यांवर दावे लावले. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील ग्रँड ज्यूरीनें भाव बांधल्याचा आरोप ठेवला. आरोपी कंपन्यांनीं अखेर तो लढविला नाहीं व प्रत्येकीस ५०,००० डॉलर दंड झाला. विक्रेत्यांनीं जबान्यांच्या नकला मागितल्या. सरकारची हरकत नव्हती. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानें त्या देऊं केल्या.

सर्वोच्च न्यायालयानें १९७९ सालीं हा हुकूम रद्द केला. न्यायमूर्ति पॉवेल यांनीं तीन कसोट्या सांगितल्या: दुसऱ्या दाव्यांतील संभाव्य अन्याय टाळण्यास ते कागद हवेत, त्यांची गरज गुप्ततेच्या गरजेहून मोठी हवी, आणि मागणी गरजेपुरतीच हवी. गुप्ततेचें मोल कॅलिफोर्नियाचें न्यायालय जाणतें, गरजेचें मोल अॅरिझोनाचें. तेव्हां दोहोंचा विचार झाल्यावांचून दार उघडूं नये, असा त्यांचा अभिप्राय होता. १९८३ सालीं तर सरकारच्या दिवाणी वकिलांनाहि न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरली.

ज्यूरी उठून गेली, शिक्षा झाली, मग आतां गुप्तता कशाला, असें कोणीहि विचारील. त्याचें उत्तर उद्यांच्या साक्षीदारापाशीं आहे. आपल्याच मालकाविरुद्ध बोलावयास निघालेला कारकून आज दिलेल्या शब्दाचें काय झालें, तें पाहत असतो. तो मुका झाला, तर पुढच्या खेपेस विक्रेत्यालाहि न्याय मिळणार नाहीं. म्हणून नागविलेल्या माणसाला तेथें रिक्त हस्तें परत पाठवीत नाहींत. त्यानें आपली गरज मात्र सिद्ध करावी लागते.