गिरगावातील बिऱ्हाड आणि गावदेवीतील घर

गोमंतकीय अथवा कारवारी माणूस पोटासाठी मुंबईस गेला म्हणजे त्याचे पहिले बिऱ्हाड बहुधा गिरगावात पडे. मुगभाट, फणसवाडी, ठाकूरद्वार ही नावे आपल्याकडील कित्येक घरांत आजोबांच्या पत्रांवरील पत्त्यांमुळेच माहीत झाली. आमच्या ख्रिस्ती बांधवांनी धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाचे कूड उभारले आणि अल्पशा वर्गणीत पेटी ठेवण्यास व पथारी पसरण्यास जागा करून घेतली. हिंदूंची रीत निराळी होती. ओळखीच्या बिऱ्हाडी उतरावे, खाणावळीत जेवावे, आणि नोकरी कायम झाली की चाळीत एखादी खोली भाड्याने घेऊन कुटुंब आणावे. अशाच रीतीने आलेल्या एका लहान समाजाने घरभाड्याच्या प्रश्नावर जो तोडगा काढला, त्याकडे इतिहासकारांइतकेच आम्हा वकिलांचेही लक्ष जावयास हवे.

उत्तर कानडा जिल्हा 1862 मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. त्यानंतर होनावर, कुमठा, कारवार या बाजूंची चित्रापूर सारस्वत कुटुंबे मुंबईकडे वळली. घरात कोंकणी, कचेरीत इंग्रजी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी मराठी, अशी ही कारकून व शिक्षक मंडळी. 1896 मध्ये शहरात प्लेग आला. दाट वस्ती मोकळी करावी, हवेशीर रस्ते काढावेत, या हेतूने 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रस्ते काढले खरे. परंतु जेवढी बिऱ्हाडे उठविली तेवढी वसविली नाहीत. उठलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली, आणि आरोग्यासाठी केलेल्या सुधारणेने दाटी व भाडे ही दोन्ही वाढविली. गावदेवीसारखे नवे भाग आखले गेले, पण तेथे घर बांधणे एकट्या कारकुनाच्या आवाक्यातले नव्हते.

येथे श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे नाव घ्यावे लागते. 1904 च्या सहकारी कायद्याखाली केवळ पतपेढ्याच काढता येत. त्याच कायद्याच्या आधारे तालमकींनी 1906 मध्ये आपले गुरुतुल्य श्यामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावाने पेढी काढली. ती आज बँक म्हणून सर्वांस ठाऊक आहे. पुढे 1912 च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्यास मुभा दिली. कायदेपुस्तकातील असे बदल बहुधा कोणी वाचीत नाही. तालमकींनी हा वाचला, आणि 1915 मध्ये गावदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. मुंबईतील पहिली सहकारी गृहसंस्था म्हणून तिचेच नाव घेतात.

तिची रचना आजच्या फ्लॅटवाल्यांना काहीशी चमत्कारिक वाटेल. इमारतीची मालक संस्था. सभासद तिचा भागधारक आणि त्याच वेळी तिचा भाडेकरू. भाडे द्यावयाचे ते स्वतःच भागीदार असलेल्या संस्थेला, आणि त्यातूनच कर्ज फिटावयाचे, दुरुस्ती व्हावयाची. दरसाल शिरालीच्या मठास वंतिगा पोचती करणाऱ्या या समाजाला सर्वांनी थोडे थोडे देऊन सर्वांचे एक काम उभे करणे नवे नव्हते. मठाच्या वहीतील शिस्त गृहसंस्थेच्या वहीत उतरली, असे माझे मत आहे. ते सिद्ध करण्यास माझ्यापाशी दस्तऐवज नाही.

दुसरा मार्ग सरकारचा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 मध्ये, मुंबईत भाड्यावर प्रथम कायद्याचा अंकुश आला. पुढे 1947 च्या कायद्याने सामान्यतः 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे असेल तेच प्रमाण भाडे ठरविले. या कायद्याने लाखो कुटुंबांना शहराच्या मध्यवस्तीत टिकवून धरले, हे त्याचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु उत्पन्न गोठल्यावर घरमालकाने चुना व कौले यांकडे पाठ फिरविली. पागडी चोरवाटेने फोफावली. 1969 मध्ये जुन्या इमारतींसाठी कर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठलेले प्रमाण भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाले असल्याचे म्हटले, आणि 1999 च्या नव्या कायद्याने पागडीस उघड मान्यता दिली. वकिलीत या कायद्याचे दावे चालविताना मला राहून राहून वाटे की, भाडेकरू आणि मालक हे दोन पक्षच नसते तर हा कज्जा झालाच नसता. गावदेवीत ते दोन पक्ष नव्हते.

तरीही त्या घराच्या दाराविषयी बोलले पाहिजे. ते दार एका ज्ञातीसाठी होते. आपल्या गोव्यात देवस्थानचे महाजनपण जन्माने मिळते. 1886 व 1933 च्या पोर्तुगीज नियमावल्यांनी ती व्यवस्था कायद्यात बसविली. देवाच्या कारभारात कुळाचा आधार का घेतला गेला हे समजू शकते. घरास तोच नियम का असावा? याचे उत्तर तालमकींच्या काळी व्यवहारी होते: तारण देण्यास ज्याच्यापाशी काही नाही त्याची पत म्हणजे त्याची ओळखच, आणि ओळख ज्ञातीतच होती. जे बंधन आज आपल्याला खुपते, त्याच्याच बळावर त्या कारकुनांना घरे मिळाली.

पुढे हा प्रश्न न्यायालयात गेला, तो मात्र पारशांच्या निमित्ताने. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहसंस्थेच्या एका सभासदाला आपला बंगला पाडून तेथे सदनिका बांधावयाच्या होत्या व त्या पारशेतरांसही विकावयाच्या होत्या. सभासदत्व पारशांपुरते राखणारा उपविधी त्याच्या आड आला. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला: संघटना करण्याचे स्वातंत्र्य संविधानाने दिले आहे, आणि विधिमंडळ कायदा बदलीत नाही तोवर असा उपविधी वैध आहे.

कायदा म्हणून हा निकाल मला पटतो. पण आमच्याकडचा एखादा तरुण मुंबईस घर शोधून परत येतो, आणि भाड्याच्या आकड्याआधी आडनाव व आहार विचारला गेल्याचे सांगतो, तेव्हा गावदेवीचा हा इतिहास त्याच्यापुढे मांडताना मी अडखळतो.