एक्स-रे काढला, समाधान कसे मोजायचे?

कंबरदुखीने त्रासलेला रुग्ण डॉक्टरांकडे जातो तेव्हा औषधाबरोबरच ‘एकदा एक्स-रे काढून पाहू या’ या वाक्याचीही त्याला अपेक्षा असते. फिल्म डोळ्यांना दिसते, घरी कपाटात वर्षानुवर्षे जपून ठेवता येते. ती हाती आली, की आपल्याकडे नीट लक्ष दिले गेले, असे रुग्णाला वाटते. हे वाटणे मोजण्याचे प्रयत्न संशोधकांनी केले असून, त्यातील एक उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम व आसपासच्या भागात कंबरदुखीच्या ४२१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. कोणाला कोणत्या गटात घ्यायचे हे यदृच्छेने ठरवून एका गटाचा मणक्याचा एक्स-रे काढण्यात आला. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. तीन महिन्यांनी पाहिले, तर एक्स-रे गटात वेदनेची तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते आणि डॉक्टरांकडे फेऱ्याही अधिक झाल्या होत्या. समाधानात तेव्हा फरक नव्हता. नऊ महिन्यांनी तो दिसला आणि तोही एक्स-रे काढलेल्यांच्या बाजूने! संधी मिळाल्यास एक्स-रे काढून घेऊ, असे दोन्ही गटांतील सुमारे ८० टक्के रुग्णांचे म्हणणे होते.

गुण आला नाही, तरी समाधान वाढले. तेव्हा या आकड्याने नेमके काय मोजले, हा प्रश्न उरतोच.

‘अत्यंत समाधानी’पासून ‘अत्यंत असमाधानी’पर्यंतची पाच पर्यायांची परिचित पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ मधील कामातून रूढ झाली. पद्धत सोपी आहे. पण ‘एकंदर सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?’ या एकाच प्रश्नात रांगेतला वेळ, कर्मचाऱ्यांची वागणूक, फिल्म आणि डॉक्टरांचे बोलणे यांची सरमिसळ होते. शिवाय अर्ज दवाखान्याच्या खिडकीपाशीच भरायचा असेल, तर पुढच्या आठवड्यात त्याच डॉक्टरांकडे येणारा रुग्ण वाईट शेरा कशाला लिहील?

अमेरिकेत २००६ पासून देशभर राबविल्या गेलेल्या रुग्णालय सर्वेक्षणात वेगळी वाट निवडली आहे. डॉक्टरांनी समजेल अशा रीतीने किती वेळा सांगितले, असे त्यात विचारले जाते. म्हणजे भावनेपेक्षा घडलेल्या गोष्टीवर भर. प्रतिमांबाबतही हेच करता येईल. तपासणी का सांगितली? फिल्म समोर धरून काय दाखवले? त्यातून काय समजले, ते रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगावे.

या शेवटच्या प्रश्नाचे मोल ‘झीज’ या शब्दावरून कळते. पाठदुखी मुळीच नसलेल्या लोकांच्या स्कॅनविषयीच्या अभ्यासांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मणक्यांमधील चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के, तर ऐंशी वर्षांच्या ९६ टक्के लोकांत आढळली होती. डॉक्टरांच्या लेखी ती बहुधा पिकल्या केसांसारखी वयाची खूण; रुग्ण मात्र घरी जाऊन पाण्याची बादली उचलणे बंद करतो. त्यातच इंग्रजीतला अहवाल डॉक्टरांच्या भेटीआधीच हाती पडला, तर तो जिन्यातच उघडून वाचला जातो. भेट होईपर्यंतच्या त्या दोन दिवसांतली धास्ती ‘एकंदर सेवे’च्या रकान्यात कुठे नोंदवायची?